अंगाला लागलं तरी अंग कुजत का नाही?



गळीत हंगाम सुरू झाला की शेतकी खात्याचा एकच धोशा असतो, की तुटलेला ऊस चोवीस तासांच्या आत गव्हाणीत पडला पाहिजे. ट्रॅक्टर फडात रुतला, गाडीचे चाक मोडले किंवा काट्यावर रांग लागली, की ऊस वाळतो, वजन घटते आणि उतारा खाली येतो. ऊन हे त्याचे एक कारण. दुसरे कारण मात्र डोळ्यांना दिसत नाही. कोयत्याची छाट जिथे बसली त्या उघड्या तोंडातून मातीतले जंतू कांडीत शिरतात, आतल्या रसावर पोसतात आणि बुळबुळीत, चिकट असा पदार्थ तयार करतात. तो रसात उतरला की गाळपापासून पाकापर्यंत सगळीकडे अडचण. म्हणजे साखर आपली, आणि खाऊन जातात जंतू!

आता गंमत बघा. त्याच फडात, त्याच दिवशी, तोच कोयता तोडणाऱ्याच्या नडगीला लागतो. कोयत्याला तीच माती, तेच जंतू. माणूस चिंधी बांधतो, पुन्हा मोळी उचलतो, आणि आठ-दहा दिवसांनी तिथे फक्त खपली उरते. ऊस कुजला, पण पाय कुजला नाही. असे का व्हावे?

याचे साधे उत्तर असे की तोडलेला ऊस मुळापासून तुटलेला असतो. त्याच्या मदतीला आता कोणी येणार नसते. पाय मात्र अंगाला जोडलेला आहे. रक्ताच्या पाटाने तिथे घटकाभरात कुमक पोचते. ही कुमक कोण पाठवते, ती काय करते, आणि कधी कधी ती हरते का, हे आज आपण पाहू. विषय डॉक्टरी आहे खरा, पण वढू, कोरेगाव, तुळापूर या भीमेच्या पट्ट्यात पाण्यात आणि चिखलात उभे राहून ऊस करणाऱ्या माणसाला तो डॉक्टरपेक्षाही जवळचा आहे.

आपल्या अंगात रोगजंतूंशी लढण्याच्या दोन तऱ्हा आहेत. एक तऱ्हा ओळखीची. एखादा रोग एकदा होऊन गेला किंवा त्याची लस टोचली की शरीर त्या एका जंतूची खूण लक्षात ठेवते आणि पुढच्या वेळी त्याला नेमके पकडते. गोवर एकदा झाला की सहसा पुन्हा होत नाही तो यामुळे. ही तऱ्हा चांगली, पण सवड मागते. नव्या जंतूविरुद्ध तिची तयारी व्हायला आठवडा तरी जातो. तोवर काय करायचे? तोवर दुसरी तऱ्हा कामाला येते. ती जन्मजात असते, आणि जंतू कोणता हे ती विचारत बसत नाही. शास्त्रात तिला अविशिष्ट किंवा उपजत प्रतिकारशक्ती म्हणतात. आपल्या भाषेत सांगायचे तर वस्तीवरचे कुंपण आणि कुत्रे. कुत्रे चोराचे नाव-गाव विचारते का? परका दिसला की भुंकते आणि धावते. तसेच हे.

कुंपण

पहिले कुंपण म्हणजे कातडी. मोठ्या माणसाच्या अंगावर ती दीड ते दोन चौरस मीटर भरते. तिचा वरचा थर मेलेल्या, चपट्या पेशींचा असतो. त्या पेशी कौलांसारख्या एकीवर एक बसलेल्या असतात आणि सतत झडत असतात. साधारण महिन्याभरात वरचा सगळा थर नवा होतो, आणि झडणाऱ्या पेशींबरोबर त्यांना चिकटलेले जंतूही गळून पडतात. घाम आणि तेल यांमुळे कातडीचा पृष्ठभाग किंचित आंबट राहतो. तो बऱ्याच जंतूंना मानवत नाही.

शिवाय कातडीवर आपले स्वतःचे निरुपद्रवी जंतू कायमचे मुक्कामाला असतात. त्यांनी जागा आणि खाद्य आधीच अडवलेले असते. उसाच्या सऱ्यांत ताग दाट आला की तणाला डोके वर काढायला जागा राहत नाही, तसाच हा प्रकार.

या कुंपणाला भगदाड पडते ते दोन प्रकारांनी. एक म्हणजे ते फाटते. कोयता लागतो, पाचट कापते, खोडव्याचा बुडखा तळपायात घुसतो, हिवाळ्यात टाचांना भेगा पडतात. दुसरा प्रकार म्हणजे ते भिजून मऊ पडते. तासन् तास चिखलात उभे राहून दारे धरली की बोटांच्या बेचक्यात पांढरे होते, चिखल्या होतात. ही भिजलेली कातडी दिसायला अखंड दिसते, पण तिची कौले सुटलेली असतात. याचा हिशेब पुढे येणार आहे, तो ध्यानात असू द्या.

डोळे, नाक, तोंड, घसा या ओल्या जागांना जाड कातडी परवडत नाही. तिथे राखण पाण्याची. डोळ्यात पाचटाचा कण गेला की घळाघळा पाणी येते. ते पाणी कण तर धुऊन काढतेच, पण जंतूही मारते. हे कळले कसे त्याची कथा मजेची आहे. लंडनमध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग नावाचे एक डॉक्टर होते. पुढे १९२८ साली पेनिसिलिनचा शोध लावला तेच हे. १९२१ साली त्यांना सर्दी झाली होती. त्यांनी आपल्याच नाकातला शेंबूड जंतू वाढवण्याच्या बशीत घातला. पाहतात तो शेंबडाच्या आसपासचे जंतू विरघळून गेलेले! त्यातून लायसोझाइम या द्रव्याचा पत्ता लागला. ते अश्रूंत, लाळेत आणि अंड्याच्या पांढऱ्या बलकातही असते. जंतूच्या अंगाभोवती एक भिंत असते आणि ती साखरेच्याच गोतावळ्यातल्या पदार्थांच्या साखळ्यांनी विणलेली असते. लायसोझाइम त्या साखळ्या कातरते. भिंत फुटली की जंतू पाणी शोषून फुगतो आणि फुटतो. गुरे आपली जखम चाटतात त्यात थोडा अर्थ आहे तो हाच. माणसाने मात्र त्यांचे अनुकरण करू नये, आपल्या तोंडात उपद्रवी जंतूही पुष्कळ असतात.

श्वासनळीतली व्यवस्था तर थेट कारखान्यातली वाटावी. नळीच्या आतल्या बाजूला चिकट शेंबडाचा पातळ थर असतो. त्याखाली लाखो बारीक केस असतात आणि ते सेकंदाला दहा-पंधरा वेळा एकाच दिशेने हलतात. धूळ आणि जंतू चिकट थरात अडकतात आणि हा थर केन कॅरिअरसारखा सावकाश वर वर सरकत घशाशी येतो. तिथून तो आपण नकळत गिळतो. खाली पोटात आम्लाचे कुंड तयारच असते. बिडीच्या धुराने हे केस आधी लुळे पडतात आणि मग झडतात. म्हणून जुन्या बिडीबाजाला सकाळी उठल्याबरोबर तासभर खोकावे लागते. कॅरिअर बंद, मग माल फावड्याने ओढायचा! चुलीच्या आणि मिश्री भाजण्याच्या धुराचेही तसेच आहे. घरच्या लक्ष्मीचा खोकला आपण किती वर्षे ‘तिची सवय’ म्हणून सोडून देतो याचा ज्याने त्याने विचार करावा.

या वाटेने आपल्या धंद्यातलाच एक रोग येतो, म्हणून थोडे थांबतो. ओला बगॅस ढीग लावून बरेच दिवस ठेवला की तो आतून तापतो. त्या उष्णतेत काही खास जंतू फोफावतात आणि बगॅस वाळला की त्यांचे बी धुळीबरोबर उडते. हे कण इतके बारीक असतात की नाकातले केस आणि श्वासनळीचा चिकट थर चुकवून थेट फुप्फुसाच्या तळाशी पोचतात. तिथे शरीराचे रक्षकच खवळतात. धुळीत काम करून आल्यावर चार-आठ तासांनी थंडी-ताप, कोरडा खोकला, धाप लागते. दुसऱ्या दिवशी बरे वाटते, म्हणून माणूस पुन्हा कामावर जातो, आणि असे वारंवार झाले की फुप्फुस कायमचे घट्ट होते. या विकाराचे नावच बगॅसोसिस आहे. इथे जंतूने फारसे काही केलेलेच नसते. नुकसान होते ते आपल्या रक्षकांच्या दंगलीने. तेव्हा यार्डात जुना बगॅस उपसताना तो ओला करून घेणे आणि नाकातोंडाला नीट बसणारा मास्क लावणे जरुरीचे आहे. नुसता उपरण्याचा फेटा तोंडाभोवती गुंडाळला तर त्यातून हे कण सहज आरपार जातात.

आता पोट. जठरातले आम्ल इतके जहाल असते की पाण्या-अन्नातून गेलेले बहुतेक जंतू तिथेच मरतात. अमेरिकेत स्वेच्छेने पुढे आलेल्या माणसांवर पटकीच्या जंतूंचे प्रयोग झाले होते. पोटातले आम्ल शाबूत असताना रोग व्हायला जंतूंची फार मोठी संख्या लागे. सोडा देऊन आम्ल मारले की फारच थोडक्या जंतूंनी जुलाब सुरू होत. हे सांगण्याचे कारण असे की अलीकडे घरोघर ‘गॅसच्या गोळ्या’ रोज सकाळी चण्या-फुटाण्यासारख्या खाल्ल्या जातात. डॉक्टरांनी दिल्या असतील तर अवश्य घ्याव्यात. पण दुकानातून आणून वर्षानुवर्षे घेणे म्हणजे वेशीवरचा दरवाजा आपणच काढून ठेवणे.

पाणी वाईट असेल तर दरवाजा शाबूत असूनही भागत नाही, हे आपल्या जिल्ह्याने नुकतेच पाहिले. २०२५ च्या जानेवारीत पुण्याला सिंहगड रस्त्याच्या बाजूला, नांदेड, किरकटवाडी, धायरी या भागांत गुइलेन-बारे नावाच्या विकाराचे रोगी एकाएकी वाढले. काही आठवड्यांत त्यांची संख्या दोनशेच्या वर गेली आणि काही जण दगावले. हातापायांतली शक्ती जाते, काहींना श्वासासाठी यंत्र लावावे लागते. अनेक रोग्यांच्या शौचाच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जुलाबाचा जंतू आढळला आणि पिण्याच्या पाण्यावर बोट गेले. जुलाब थांबल्यावर मज्जातंतू का बिघडावेत? तर जंतूशी लढताना तयार झालेली शरीराची शस्त्रे चुकून आपल्याच मज्जातंतूंवर चालतात. ही चूक दुसऱ्या, ओळख ठेवणाऱ्या फौजेची. पण पाणी उकळून प्यायले असते तर पहिल्या वेशीवरच काम भागले असते.

कुंपण तुटल्यावर

आता पुन्हा फडात, त्या नडगीपाशी येऊ.

कोयता लागल्याबरोबर रक्त येते आणि काही मिनिटांत गोठते. भगदाडावर तात्पुरता बांध पडला. बांधाच्या आत कातडीखालच्या काही पेशी हिस्टामिन नावाचे द्रव्य सोडतात. त्याने आसपासच्या बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात आणि त्यांच्या भिंती पाझरू लागतात. जास्त रक्त आले म्हणून जागा लाल झाली, गरम झाली. पाझर झाला म्हणून सुजली. सुजेने आणि त्या द्रव्यांनी शिरा डिवचल्या म्हणून ठणकली. लाली, ऊब, सूज आणि ठणका या चार खुणा दोन हजार वर्षांपूर्वी रोममधल्या सेल्सस नावाच्या लेखकाने लिहून ठेवल्या आहेत. आपण त्यांनाच दुखणे समजतो. खरे म्हणजे ती दुरुस्तीची धामधूम आहे. पाटाचे दार उघडल्याशिवाय वाफ्यात पाणी येत नाही, तसे रक्तवाहिनी पाझरल्याशिवाय रक्तातली फौज जखमेत उतरत नाही.

फौज म्हणजे पांढऱ्या पेशी. पहिल्या काही तासांत न्यूट्रोफिल नावाच्या पेशी येतात. जंतूंनी आणि फाटलेल्या पेशींनी सोडलेल्या द्रव्यांचा माग काढत त्या रक्तवाहिनीच्या भिंतीतून अंग चोरून बाहेर पडतात, जंतूला वेढा घालतात, गिळतात आणि पोटात विष सोडून मारतात. यांचे आयुष्य जेमतेम दिवसाचे. हाडांतल्या मगजात त्या रोज सुमारे दहा हजार कोटी तयार होतात! जखमेत पू दिसतो तो म्हणजे बहुतांशी या मेलेल्या शिपायांचा आणि मारलेल्या जंतूंचा ढीग. रक्ताच्या कागदावर डॉक्टर ‘पांढऱ्या पेशी वाढल्यात’ म्हणतात तेव्हा मगजाने जादा कुमक पाठवली आहे असे समजावे. एक-दोन दिवसांनी दुसऱ्या, मोठ्या पेशी येतात. त्या सावकाश काम करतात, पण उरलेले जंतू, मेलेले शिपाई, कचरा सारे खाऊन मैदान साफ करतात आणि नव्या कातडीला बोलावणे धाडतात.

पेशी जंतूंना खातात, ही गोष्ट पहिल्याने ठासून सांगितली ती इल्या मेचनिकॉव्ह या रशियन शास्त्रज्ञाने. १८८२ साली तो इटलीतल्या सिसिली बेटावर, मेसिना गावी समुद्रकाठी राहत होता. तारामाशाचे पिल्लू काचेसारखे पारदर्शक असते. त्याच्या अंगात त्याने गुलाबाचा काटा टोचून ठेवला आणि रात्र कशीबशी काढली. सकाळी सूक्ष्मदर्शकातून पाहिले तर काट्याभोवती फिरत्या पेशींनी गराडा घातलेला! आपल्या बोटात बाभळीचा काटा मोडला की दुसऱ्या दिवशी भोवती जे पांढरे होते, ते हेच. पुष्कळ वर्षे लोकांनी त्याला वेड्यात काढले. १९०८ साली त्याला पॉल एर्लिक यांच्याबरोबर नोबेल पारितोषिक मिळाले.

आपल्या लोकांना ही गोष्ट समजायला रशियन काटा नको. २००२ साली सांगली भागात उसावर लोकरी मावा आला आणि बघता बघता साऱ्या राज्यात पसरला, तो काळ जुन्या सभासदांना आठवत असेल. पुरुषभर उंच उसात फवारायचे तरी कसे? शेवटी उपयोगी पडले ते मावा खाणारे डिफा आणि मायक्रोमस हे मित्रकीटक. जिथे मावा तिथे ते जातात आणि खातात. अंगातल्या या पेशी म्हणजे आपले मित्रकीटकच.

मेचनिकॉव्हचा आणि आपला आणखी एक धागा आहे. ओडेसाच्या विद्यापीठात त्याच्या हाताखाली शिकलेला वाल्डेमार हाफकिन पुढे हिंदुस्थानात आला. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात प्लेग सापडला आणि लगेच हाफकिनला मुंबईला धाडण्यात आले. ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या एका खोलीत त्याने प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती पहिल्याने स्वतःला टोचून घेतली. परळच्या त्याच्या प्रयोगशाळेला १९२५ साली त्याचेच नाव देण्यात आले. त्याच १८९७ साली पुण्यात प्लेगने थैमान घातले. रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले १० मार्चला त्याच रोगाने गेल्या.

गुरूने जंतू खाणाऱ्या पेशी दाखवल्या, मग शिष्याला लस कशाला लागली? कारण काही जंतू या पेशींनाही फसवतात, आणि प्लेगचा जंतू त्यातला अट्टल आहे. पिसवाच्या थंड अंगात तो उघडा असतो. माणसाच्या अंगात शिरल्यावर काही जंतू न्यूट्रोफिल मारून टाकतात. पण मोठ्या पेशींनी गिळलेले काही आतच जिवंत राहतात, अंगाच्या उबेने स्वतःभोवती कवच चढवतात आणि मग बाहेर पडतात. कवचधारी जंतू गिळणे पेशींना जड जाते. जांघेतल्या किंवा काखेतल्या गाठीत तुंबळ युद्ध होते आणि ती गाठ सुजते. म्हणून त्याचे नाव गाठीचा प्लेग. साध्या जखमेतही पायाला लागले की जांघेत अवधान येते, ती हीच गाठ. ती म्हणजे नाक्यावरची चौकी. जखमेतून निसटलेले जंतू तिथे अडवले जातात. अवधान आले म्हणून घाबरू नये. पण त्यावर चोळू नये, आणि जखमेपासून वर लाल रेघ चढू लागली किंवा ताप आला तर घरी बसू नये.

विषाणूंची तऱ्हा वेगळी. ते पेशीच्या आत शिरून बसतात, तिथे खाणाऱ्या पेशीचा हात पोचत नाही. मग ती ग्रासलेली पेशी इंटरफेरॉन नावाचे द्रव्य बाहेर सोडते. १९५७ साली त्याचा शोध लागला. आपल्या शिरूर-जुन्नरकडे उसात बिबट्या दिसला की पहिला माणूस ओरडतो आणि आसपासच्या वस्त्या दारे लावून घेतात, गुरे आत घेतात. पहिल्याचे काय होईल ते होवो, शेजारी सावध होतात. इंटरफेरॉन ही तीच आरोळी. सर्दी-तापात अंग मोडून येते, खाण्यावरची वासना जाते, ते पुष्कळसे या आरोळीमुळे. २०२० च्या करोनात ज्यांच्या अंगात ही आरोळी उशिरा किंवा क्षीण उठली, त्यांचा आजार जास्त बळावलेला आढळला.

आणि ताप? तापही शरीरानेच चढवलेला असतो. पांढऱ्या पेशींनी सोडलेली द्रव्ये मेंदूतल्या उष्णतेच्या केंद्राला सांगतात की काटा वर न्या. अनेक जंतूंची वाढ त्या उष्णतेत मंदावते, पेशींची धावपळ वाढते. म्हणून शंभर डिग्री ताप आला की डॉक्टरांना ‘सुई माराच’ म्हणून हटून बसण्यात काही शहाणपण नाही. एक सुई मारली, सलाईन लावली म्हणजे पैसे वसूल, ही आपली समजूत डॉक्टरांनाही बिघडवते. लहान मूल, गरोदर बाई, म्हातारे माणूस यांची गोष्ट अर्थात वेगळी.

राखणदार आंधळा झाला तर

आमच्या चुलत्यांची गोष्ट सांगतो. वाण्याच्या उधारीपासून खताच्या गोणीपर्यंत सगळा हिशेब तोंडपाठ, पण रक्तातल्या साखरेचा हिशेब त्यांनी कधी केला नाही. मे महिन्यात पाचटाच्या रानात अनवाणी फिरले. करंगळीला काही तरी लागले होते, ते त्यांना कळलेच नाही. चार दिवसांनी चुलतीला सतरंजीवर डाग दिसला. तोवर बोट काळे पडले होते. ते काढावे लागले, आणि महिन्याने त्याच्या शेजारचेही. माणूस लाखमोलाचा, पण ‘दुखत नव्हतं ना रे’ एवढेच म्हणत राहिले.

दुखत नव्हते तेच तर दुखणे! रक्तात साखर फार काळ चढी राहिली की पायाच्या शिरा बधिर होतात, म्हणजे वर्दी देणाराच मुका. बारीक रक्तवाहिन्या अरुंद होतात, म्हणजे पाटच गाळाने भरलेला. आणि न्यूट्रोफिल मंद होतात. जखमेकडे धावणे, गिळणे, मारणे ही तिन्ही कामे त्यांना नीट जमत नाहीत. ऊस जसा तोडल्यावर एकटा पडतो, तसा तो पाय अंगाला जोडलेला असून एकटा पडतो. ज्यांना मधुमेह आहे त्यांनी रोज रात्री दोन्ही तळपाय कंदिलाच्या, नव्हे आता बॅटरीच्या उजेडात पाहावेत. स्वतःला वाकता येत नसेल तर सुनेला, नातवाला पाहायला सांगावे. यात लाज कसली? बैलाचे खूर आपण रोज पाहतोच की.

जखमेवर काय लावावे याविषयी आपल्याकडे शंभर मते. माती, राख, शेण, तंबाखू, चुना, गाडीचे काळे तेल. यातले एकही लावू नये. माती आणि शेणात धनुर्वाताचे जंतू असतात. त्यांना हवा मानवत नाही, म्हणून बुडखा किंवा खिळा खोल घुसला की त्यांचे फावते. त्यांच्या विषापुढे आज सांगितलेली सारी फौज हतबल आहे. तिथे लसच पाहिजे. वाहत्या स्वच्छ पाण्याने आणि साबणाने जखम भरपूर धुणे, घाण काढणे आणि स्वच्छ फडके बांधणे हे पहिले काम. धनुर्वाताची लस शेवटची कधी घेतली ते आठवत नसेल तर दवाखान्यात जाऊन ती घेणे हे दुसरे. कोणी विचारील की जुनी माणसे जखमेवर साखर भरत, ते काय? ते अगदीच खोटे नव्हे. कोरडी साखर पाणी ओढून घेते, त्यामुळे जंतू सुकतात. गोदामातली साखर वर्षभर नासत नाही आणि रस मात्र दुपारपर्यंत आंबतो तो त्यामुळेच. काही शस्त्रवैद्यांनी चिघळलेल्या जखमांवर साखर वापरलीही आहे, पण ती त्यांच्या देखरेखीखाली. गोणीतली मूठ उचलून पायाला लावणे ही आपल्या मालाची जाहिरात होईल, औषध होणार नाही.

आता त्या चिखल्यांचा हिशेब.

उंदीर आणि घुशी उसाला किती धरून असतात हे सांगायला नको. त्यांच्या मुतात लेप्टोस्पायरा नावाचा स्क्रूसारखा पीळदार जंतू असतो. गुरे, कुत्री, डुकरे यांच्याही असू शकतो. ओल्या मातीत आणि साचलेल्या पाण्यात तो कित्येक दिवस टिकतो आणि खरचटलेल्या किंवा भिजून मऊ झालेल्या कातडीतून, डोळ्यांतून, नाका-तोंडातून आत शिरतो. आत गेल्यावर पहिल्या फळीला चुकवण्यात तो पटाईत आहे. १९३४-३५ साली ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या उत्तर भागात या रोगाने ऊसतोड कामगार मरू लागले. तेव्हा त्यांनी संप केला. त्यांची मागणी होती, ‘ऊस आधी पेटवा, उंदीर जाळा, मग तोडू.’ आपल्याकडे हा उपाय कोणी काढू नये. जळिताची कपात आणि पाचटाची राख, दोन्हीकडून तोटा. आपल्या राज्यात कोकणात हा ताप दर पावसाळ्यात डोके वर काढतो. मुंबईत २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर गुडघाभर पाण्यातून चाललेल्या कित्येकांना तो झाला.

रात्रीची वीज आली म्हणून दारे धरायला जायचेच असेल, तर गमबूट घालावेत. पायाला जखम असेल तर ती झाकून, किंवा त्या रात्री घरातल्या दुसऱ्याला पाठवावे. परत आल्यावर साबणाने पाय धुऊन बोटांची बेचकी कोरडी करावी. एवढे करूनही एकाएकी जोराचा ताप आला, डोके ठणकले, पोटऱ्या हात लावू देईनात, डोळे लाल झाले, तर तो ‘थंडीचा ताप’ म्हणून काढू नये. वेळेवर सापडला तर साध्या प्रतिजैविकाने तो बरा होतो. उशीर झाला तर कावीळ होते, मूत्रपिंड बसते आणि मग पुण्याची वाट धरावी लागते. लागण झाल्यापासून ताप येईपर्यंत बहुधा एक ते दोन आठवडे, क्वचित महिनाही जातो. त्यामुळे दारे धरल्याची रात्र आपण विसरलेलो असतो आणि डॉक्टरांना ती ठाऊक असण्याचे कारण नसते. तेव्हा केसपेपर काढताना नाव-गावाबरोबर हेही सांगावे, की गेल्या महिन्याभरात मी उसाच्या पाण्यात उभा होतो आणि माझ्या पायाला चिखल्या होत्या.